वाचता येईल अशी लढाई

लक्ष्मीपुरीत रविवारी हसन बागवान
ताडपत्रीवर पुस्तकं मांडतो.
एका बाजूला लसणाचा ढीग, दुसऱ्या बाजूला सायकलच्या ट्यूबा.
मला लांबूनच बघून म्हणतो,
"या वाईंगडे. एक लढाई आलीय. इटलीची."

मी उद्यमनगरात पस्तीस वर्षं पॅटर्न केले,
सागवानाचे, पंपाच्या बॉडीचे.
इंग्रजी मला ड्रॉइंगपुरतं येतं, पुढचं डिक्शनरी बघते.
रात्री जेवण झाल्यावर चार पानं.
तेव्हा पुस्तक निवडायचं म्हणजे
लाकूड निवडल्यासारखं: आधी टिचकी मारून बघायची.

जनरलनं लिहिलेलं बाजूला.
त्यात पाऊस पडत नाही, 'हवामान प्रतिकूल' असतं.
माणसं मरत नाहीत, तुकडी 'पातळ होते',
आमटी असल्यासारखी.

मग नकाशा.
लढाई ज्या पानावर, नकाशा त्याच पानाशेजारी पाहिजे.
मागं घडी घालून चिकटवलेला असला
की बोट एकीकडं, डोळे एकीकडं,
आणि मधल्यामध्ये टेकडी हातची जाते.

मग बघतो, पहिल्या वीस पानांत
कुणाला भूक लागते का.
नसेल लागत तर ठेवून देतो जागेवर.

शेवटी मागची सूची. एम काढायचा.
गेल्या दिवाळीत घेतलेला ग्रंथ सहाशे पानांचा,
त्यात मराठा पलटणीला दीड ओळ,
खेचरांना सव्वा पान.
मला राग नाही आला. खेचरांनी खरंच ओझी वाहिली,
आबा सांगायचे.

आबा तेवढंच सांगायचे.
खेचरं, चिखल, आणि एक नदी.
"केवढी होती नदी?"
"पंचगंगेएवढी. शिवाजी पुलाखालची."
पुढं काही नाही. तंबाखू मळायचे.

एकोणनव्वदच्या पुरात पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं,
आम्ही धान्याची पोती माळ्यावर चढवत होतो
आणि आबा कॉटवर बसून पाय पुसत होते.
धोतराच्या सोग्यानं, एकेक बोट, बेचक्यांतून,
कोरडे झाले तरी पुन्हा.
आई म्हणाली, कातडं निघंल आता.
त्यांना ऐकू गेलं नाही.

आजचं पुस्तक पातळ. पुठ्ठा गेलेला.
लिहिणारा कुणी बडा नव्हे, स्ट्रेचर उचलणारा.
मध्ये बेळगावच्या कुठल्याशा लॉजची पावती.
नकाशा एकच, हातानं काढलेला,
नदी त्यात पेन्सिल अडखळल्यासारखी.
भूक चौथ्या पानावर.
आणि एकसष्टाव्या पानावर, पहाटे, खंदकाशेजारी
हिंदुस्थानी शिपाई मोजे पिळत बसलेत.
त्यांतला एक
पायाची बोटं एकेक करून पुसतोय,
अंघोळ घातलेल्या लेकराची पुसावीत तशी.
नाव दिलेलं नाही.

मी तिथंच उकिडवा बसलो.
लसूणवाली म्हणाली, "सरका की ओ, गिऱ्हाईक येऊ दे."

असेल कुणीही.
चिखलात पाय सगळ्यांचेच होते, बोटं सगळ्यांनाच दहा.

तरी सूची उघडली.
व्ही मध्ये व्हॉल्टर्नो नदी, मग डब्ल्यूची दोन नावं,
आणि खाली पान मोकळं.
कानावरची पेन्सिल काढली
(काम सुटलं, पेन्सिल सुटत नाही)
आणि पॅटर्नवर नंबर टाकतो तशा सरळ अक्षरांत लिहिलं:
वाईंगडे, ग्यानबा. ६१.
क्रम चुकला असेल.

बागवान वाकून बघत होता.
"साठ रुपये," म्हणाला.
मग जरा थांबून,
"आणि आता त्यात लिहिलंत.
आता परत घेणार नाही मी."